गुण झाडांचा की पैशाचा?

मुंबईत माटुंग्याची पाच उद्याने आणि धारावी यांच्यात फार तर दोन-तीन किलोमीटरचे अंतर. एकीकडे जुन्या झाडांच्या सावलीतले रुंद रस्ते, तर दुसरीकडे एक माणूस जेमतेम जाईल अशा गल्ल्या. हिरव्या वस्तीतली माणसे अधिक निरोगी असतात, असे जगभरच्या पाहण्यांत वारंवार दिसते. पण अशा वस्तीतल्या माणसाकडे बहुधा ऐसपैस घर, चांगला आहार आणि वेळेवर मिळणारा डॉक्टरही असतो. मग गुण नक्की कशाचा?

हे ताडून पाहण्याची आयती संधी शिकागोत मिळाली. ‘रॉबर्ट टेलर होम्स’ ही गरिबांसाठीची सरकारी वसाहत होती. एकाच साच्यातल्या, सोळा मजली 28 इमारती. 1960च्या दशकात त्या उभ्या राहिल्या तेव्हा भोवती झाडे आणि हिरवळ होती. पुढे धूळ नको आणि देखभालीचा खर्चही नको, म्हणून बऱ्याच जागांवर फरसबंदी झाली. काही इमारतींपुढची झाडे तेवढी टिकली. कोणाला कुठले घर द्यायचे हे प्रशासन ठरवी. म्हणजे झाडांशेजारी राहण्यासाठी कोणी जादा पैसे मोजले नव्हते. इलिनॉय विद्यापीठाच्या फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी तिथल्या 145 स्त्रियांशी बोलून माहिती घेतली. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवा, अशी एकाग्रतेची साधी चाचणीही घेतली. झाडांजवळ राहणाऱ्या स्त्रियांना ती अधिक चांगली जमली आणि घरातली भांडणे, मारहाणही त्यांच्याकडे कमी आढळली. हे 2001 साली प्रसिद्ध झाले. गरिबी दोन्हीकडे सारखीच होती.

भांडणांची माहिती अर्थात त्या स्त्रियांच्याच तोंडची. रक्तात काही फरक दिसतो का, हे पाहण्यासाठी केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात अरुणी भटनागर यांच्या नेतृत्वाखाली 2018 मध्ये ‘ग्रीन हार्ट’ प्रकल्प सुरू झाला. आधी रहिवाशांचे रक्त, लघवी, केस, नखे यांचे नमुने घेतले. मग एका भागात आठ हजारांहून अधिक मोठी झाडे व झुडपे लावली आणि शेजारचा भाग तसाच ठेवला. 2024 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, झाडे लावलेल्या भागातल्या लोकांच्या रक्तात ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’चे प्रमाण 13 ते 20 टक्के कमी होते. शरीरात दाह असला की यकृत हे प्रथिन अधिक तयार करते आणि ते सतत वाढलेले असेल तर हृदयविकाराचा धोका जास्त समजला जातो. हृदयविकाराचे झटके प्रत्यक्षात कमी झाले, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

लुईव्हिलमध्ये वीतभर रोपे लावून फोटो काढले नव्हते. वाढलेली झाडे आणून लावली. वाहनांचा धूर वर्षभर अडावा म्हणून त्यांत सदाहरित झाडे बरीच होती. जागा पाहूनच हे करावे लागते, कारण दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर दाट पानोळ्याखाली धूर उलट कोंडूनही राहतो.

महाराष्ट्रात 2021च्या कायदादुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची असतात. हिशेब चोख आहे. पण भरवस्तीत पन्नास-साठ झाडांना जागा कुठली? मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि एकूण आकडा फुगलेलाच दिसतो. शिकागोतल्या त्या स्त्रियांना फरक पडला होता तो त्यांच्याच इमारतीसमोरच्या झाडांनी.