जंगलात आरव्ही लावली, पण टीव्हीला सिग्नल मिळेना? पोर्टेबल डिशमागचं गणित समजून घ्या

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. बेड, छोटं किचन, बाथरूम आणि बऱ्याचदा टीव्हीसुद्धा. अमेरिकेत अशी गाडी घेऊन आठवडाभर नॅशनल पार्क फिरणं नेहमीचं आहे आणि तिथल्या मराठी मंडळींनाही हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. मात्र अनेक कॅम्पग्राउंडवर मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे काही जण सोबत ट्रायपॉडवर बसणारी पोर्टेबल डिश नेतात. घरची डिश एकदा बसवली की विषय संपतो. इथे मात्र प्रत्येक मुक्कामी ती नव्यानं लावावी लागते.

डिश दक्षिणेकडेच का बघते?

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांचा वेग जुळलेला असल्यामुळे ते आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतात. अमेरिका विषुववृत्ताच्या बरीच उत्तरेला आहे, म्हणून तिथे डिशचं तोंड दक्षिणेच्या बाजूला ठेवावं लागतं. आपल्याकडेही तेच आहे. फरक उंचीचा आहे. पुण्यातून डीडी फ्री डिशचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर असतो. यलोस्टोनमधून पाहिलं तर ‘डिश नेटवर्क’चा 110 अंश पश्चिमेवरचा उपग्रह जवळपास थेट दक्षिणेला, पण फक्त 39 अंशांवर असतो.

खरी अडचण झाडांची

उपग्रह जितका खाली, तितकी झाडं आड येण्याची शक्यता जास्त. मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कमधून 129 अंश पश्चिमेचा उपग्रह जेमतेम 12 अंशांवर असतो. तिथे समोरची झाडांची एक रांगही सिग्नल अडवायला पुरेशी आहे. त्याच ठिकाणाहून 61.5 अंशांवरचा उपग्रह मात्र सुमारे 38 अंशांवर मिळतो. म्हणूनच ही कंपनी पूर्व आणि पश्चिम भागांसाठी उपग्रहांचे वेगळे गट वापरते.

थोडक्यात, गाडी सावलीत लावायला हरकत नाही, पण डिशला दक्षिणेचं मोकळं आकाश हवं. पोर्टेबल डिशचा फायदाच हा की लांब केबल असेल तर गाडी झाडाखाली आणि डिश उन्हात ठेवता येते.

डिश लावायची कशी?

1. मुक्कामाचा पिनकोड रिसीव्हरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये टाकला की दिशा, उंची आणि डिशचा तिरपेपणा असे तीन कोन मिळतात.

2. ट्रायपॉडचा खांब लेव्हल लावून अगदी सरळ उभा करा. खांब कलला असेल तर डिशवरचे आकडे चुकीचे ठरतात. वाऱ्यानं पडू नये म्हणून पाण्याचे कॅन किंवा वाळूची पिशवी बांधा. वरून विजेच्या तारा जात असतील तर जागा बदला.

3. आधी उंची आणि तिरपेपणा लावून घ्या. डिश डोळ्यांना जवळपास उभी दिसेल, पण तिची ‘नजर’ त्याहून वर असते. त्यामुळे अंदाजानं न जाता ब्रॅकेटवरचे आकडे पाहा.

4. आता दिशा. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत महाराष्ट्रात नगण्य फरक पडतो. सिअ‍ॅटल किंवा मेनमध्ये तो सुमारे 15 अंशांचा असतो. अ‍ॅपमध्ये खरी उत्तर निवडलेली आहे का, ते तपासा.

5. डिश एका वेळी थोडीशीच फिरवा आणि दर वेळी काही सेकंद थांबा. इथे 1 अंशाची चूक म्हणजे उपग्रहाच्या उंचीवर 600 किलोमीटरहून जास्त फरक. सिग्नल सर्वांत जास्त मिळेल तिथे बोल्ट घट्ट करा.

घुमटासारखी ऑटोमॅटिक डिश यातलं बरंच काम स्वतः करते. पण झाडाआडचा उपग्रह तिलाही सापडत नाही.

चॅनल दिसतात, पण लोकल गायब?

ही डिशची चूक नाही. लोकल चॅनल ठरावीक भागापुरत्या किरणांतून पाठवले जातात. आपण त्या भागाबाहेर गेलो की ते बंद होतात. कंपनीला मुक्कामाचा पत्ता कळवला की सहसा तिथले लोकल चॅनल सुरू होतात. गाडीवर साधा अँटेना असेल तर जवळच्या स्टेशनचे चॅनल फुकटही दिसतात.

हे फक्त करमणुकीपुरतं नाही. वादळाचा किंवा टोर्नेडोचा इशारा लोकल चॅनलवर येतो. जुनाच पत्ता राहिला आणि चॅनल दिसत राहिले, तरी इशारे घरच्या गावाचे मिळतील. शिवाय मुसळधार पावसात उपग्रहाचा सिग्नल क्षीण होतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच पडदा कोरा पडू शकतो. म्हणून गाडीत बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ ठेवावा. अमेरिकेची सरकारी हवामान यंत्रणा त्यावर 24 तास माहिती देते आणि त्यासाठी ना डिश लागते, ना मोबाइलची रेंज. फक्त नव्या ठिकाणी पोहोचल्यावर तिथलं स्टेशन लावून घ्यायला विसरू नका.