दंड तिजोरीला, भुर्दंड ग्राहकाला

सुरतेच्या उत्तरेस तापी ओलांडली की अमरोलीला लागून कोसाड येते. एके काळी वेशीबाहेरचे असलेले हे गाव आज महानगरात सामावून गेले आहे आणि झोपडपट्टीतील कुटुंबांसाठी महापालिकेने बांधलेली मोठी आवास वसाहत तेथे उभी आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेली मराठी माणसे लिंबायत-उधन्यापासून शहराच्या अशा टोकांपर्यंत विखुरलेली आहेत. या घरांतून मिळकत म्हणावी असे फारसे काही नसते. परंतु मोबाइल असतो, बँकेचे खाते असते, विम्याची एखादी पॉलिसी असते आणि हप्त्यांवर घेतलेला फ्रिज असतो. या प्रत्येक व्यवहारापायी नाव, जन्मतारीख, पत्ता, आधारचा क्रमांक, खात्याचा तपशील आणि क्वचित आजारपणाचा इतिहासही कोणा ना कोणा कंपनीच्या दप्तरी जमा झालेला असतो. गरिबाची तिजोरी रिकामी असली तरी त्याची माहिती मात्र दहा ठिकाणी ठेव म्हणून पडलेली असते. परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटावी तशी ही माहिती फुटली, तर ठेवणाऱ्याने दाद कोठे मागावी, हा प्रश्न आता केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

माहिती फुटण्याचे प्रकार आपल्याकडे अपवादात्मक उरलेले नाहीत. २०१६ मध्ये देशातील सुमारे बत्तीस लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघडकीस आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थेच्या यंत्रणेवर हल्ला झाला. जगभरातील पंचेचाळीस लाख प्रवाशांना त्याची झळ पोहोचली आणि त्यांना हे कळविण्यास मे महिना उजाडला. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या आरोग्यविमा कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची कागदपत्रे टेलिग्रामवर मागेल त्याला मिळू लागली, तेव्हा कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. आपले नाव राखण्यासाठी कंपनीला न्यायालयाची वाट तत्काळ सापडली. ज्यांच्या आजारांच्या नोंदी चव्हाट्यावर आल्या त्या विमाधारकांना मात्र ती वाट कोणी दाखविली नाही.

पैशाच्या बाबतीत आपली व्यवस्था इतकी आंधळी नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला आणि चौऱ्याण्णव कोटी बेचाळीस लाख रुपये अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून व परदेशी खात्यांतून लंपास झाले. परंतु ठेवीदारांच्या खात्यांस त्याची तोशीस लागली नाही. तो तोटा बँकेचा, हे सर्वांनी गृहीत धरले होते. सुरतेच्या हिरेबाजारात अंगडियाच्या हाती लाखोंचा माल केवळ शब्दावर दिला जातो, तोही याच समजुतीवर, की सांभाळण्यास घेतलेल्या वस्तूची जबाबदारी सांभाळणाऱ्यावर असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानेही ठेव घेणाऱ्यावर ती आपल्याच वस्तूसारखी जपण्याचे कर्तव्य टाकले आहे. मग नोटा आणि हिरे यांना लावला जाणारा हा साधा न्याय माणसाच्या खासगी माहितीस का लागू नये?

तो लागू करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ घालण्यात आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अंमलात आले. संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीने सुरक्षेत हयगय केली आणि त्यापायी कोणाचे नुकसान झाले, तर कंपनीने त्यास भरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढण्याची गरज नाही. प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा न्यायनिर्णय अधिकारी असतो आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा तो ऐकू शकतो. म्हणजे कोसाडच्या रहिवाशाने गांधीनगरला अर्ज करावा आणि जळगाव वा रत्नागिरीच्या रहिवाशाने मुंबईस. असा अर्ज शक्यतो चार महिन्यांत आणि फार तर सहा महिन्यांत निकाली काढावा, असे २००३ चे नियम सांगतात. महाराष्ट्रात या पदावर काही काळ जागरूक अधिकारी होते, तेव्हा या कायद्याचा प्रभावही दिसला. पुण्याच्या पूना ऑटो ऑन्सिलरीज या उद्योगाच्या खात्यातून भामट्यांनी सुमारे ऐंशी लाख रुपये परस्पर वळविले होते. त्या प्रकरणात २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला पंचेचाळीस लाख रुपये देण्याचा आदेश याच यंत्रणेने दिला.

तथापि, या कलमाच्या मर्यादा लपविण्यात अर्थ नाही. २०११ च्या नियमांनी संवेदनशील माहितीची जी यादी केली तीत पासवर्ड, बँक खात्याचा वा कार्डाचा तपशील, आरोग्याच्या नोंदी, बोटांचे ठसे अशा गोष्टी आहेत. नुसते नाव, पत्ता आणि फोन क्रमांक फुटला तर हे कलम हात आखडते. ते सरकारी खात्यांना लागू नाही. शिवाय कंपनीची हयगय आणि आपले नुकसान या दोहोंची सांगड अर्जदाराने घालून दाखवावी लागते. एकच क्रमांक दहा कंपन्यांकडे असताना तो नेमका कोणाच्या भिंतीतून पाझरला हे सिद्ध करणे मातब्बरांनाही जड जाते. तेथे यंत्रमाग कामगाराची काय कथा! या साऱ्या अडचणींमुळे असा कायदा आहे याचीच वार्ता लोकांपर्यंत पोहोचलेली नाही.

दुसरे दार ग्राहक आयोगाचे. सामान्य माणसाच्या दृष्टीने आज हेच सर्वांत जवळचे होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्यास उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे नुकसान होणे आणि महत्त्वाची बाब त्याच्यापासून जाणूनबुजून दडवून ठेवणे या दोन्ही गोष्टी सेवेतील त्रुटी मानल्या आहेत. माहिती फुटल्याचे ठाऊक असून मौन पाळणाऱ्या कंपनीला यातील दुसरे कलम थेट लागू पडू शकते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा बंगळूरला, तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कोसाडच्या माणसाला सुरतेबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क पडत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. एकाच घटनेची झळ अनेकांना बसली असेल तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रार दाखल होऊ शकते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. जी सेवा फुकट वापरली तिचा ग्राहक या कायद्याच्या व्याख्येत बसणे अवघड, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

फुटलेल्या माहितीच्या आधारे खात्यातून पैसे गेलेच, तर तिसरे दार बँकेचे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेला दंडक असा होता, की चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणी घडली असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर त्याच्यावर तोट्याचा भार पडू नये. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच टाकण्यात आले. गुवाहाटीच्या एका ग्राहकाचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. एका प्रसिद्ध कापडविक्रेत्या कंपनीकडून घेतलेला माल त्यास परत करावयाचा होता. त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील माहिती फुटलेली होती. तिच्या बळावर भामट्याने कंपनीचा माणूस म्हणून फोन केला आणि ९४,२०४ रुपये ८० पैसे खात्यातून गेले. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत स्टेट बँकेस कळविले होते. तरीही बँकेने हात झटकले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. ३ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने बँकेचे अपील फेटाळून लावले. एक लाखाहूनही कमी रकमेसाठी नागरिकाला दिल्लीपर्यंत लढावे लागावे, हे भूषणावह नाही. मात्र ज्याने वेळेवर कळविले तोच अखेर तरला, हा त्यातील धडा प्रत्येक घराने गिरवावा असा आहे. राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीचा १९३० हा क्रमांक आणि बँकेला केलेल्या तक्रारीची पोच या दोन गोष्टींना म्हणूनच इतके मोल आहे.

ही दारे अशी किलकिली असताना संसदेने २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने दिला होता. त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या या कायद्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. त्यातील काही गोष्टी निःसंशय स्वागतार्ह आहेत. माहिती फुटल्यास कंपनीने प्रत्येक बाधित व्यक्तीस विनाविलंब कळविले पाहिजे आणि बहात्तर तासांत माहिती संरक्षण मंडळाकडे तपशीलवार अहवाल दिला पाहिजे. २०२२ च्या आदेशानुसार सहा तासांत खबर देण्याचे बंधन होतेच, पण ती खबर सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेला द्यावयाची होती. ज्याचे घर फुटले त्याला प्रथमच आता सांगितले जाईल. सुरक्षेत कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आणि घटना दडविणाऱ्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु हा दंड जाणार कोठे? कायद्याचे कलम ३४ त्याचे उत्तर देते. तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्यास यातील एक छदामही देण्याची सोय नाही. एवढ्यावरच हे थांबत नाही. ज्या कलम ४३-अ खाली भरपाई मागता येत होती, तेच या कायद्याने रद्द ठरविले आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार ही तरतूद कंपन्यांवरील नव्या बंधनांबरोबरच अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंमलात यावयाची आहे. मंडळाच्या कक्षेतील विषयांत दिवाणी न्यायालयांना मज्जावही आहे. मंडळाकडे जाण्यापूर्वी कंपनीच्याच तक्रार विभागाचे उंबरठे झिजविले पाहिजेत आणि तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरल्यास नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे घाव एकाला, औषध दुसऱ्याला आणि वर बोंब मारल्याबद्दल तंबी, असा हा प्रकार आहे.

हे अनवधानाने झाले असे मानण्यास जागा नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात बाधितास भरपाई मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत होता. २०१९ च्या विधेयकातही तो कायम होता. २०२३ मध्ये तो वगळला गेला. जगाची रीत याच्या उलट आहे. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने असा हक्क दिला आहे. बल्गेरियाच्या करखात्यातून साठ लाखांहून अधिक लोकांची माहिती फुटली. त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये असे म्हटले, की माहितीचा गैरवापर होईल ही सकारण भीतीदेखील भरपाईयोग्य हानी ठरू शकते. अमेरिकेत इक्विफॅक्स कंपनीकडून २०१७ मध्ये चौदा कोटींहून अधिक लोकांची माहिती फुटली. २०१९ च्या तडजोडीत बाधितांसाठी साडेबेचाळीस कोटी डॉलरपर्यंतचा निधी राखून ठेवावा लागला. भरपाई दिल्याने व्यापार बुडतो, हा बागुलबुवा या उदाहरणांपुढे टिकत नाही.

ग्राहक आयोगाचे दार नव्या कायद्यानेही बंद झालेले नाही, असे आमचे मत आहे. हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे असे त्यातच नमूद केले आहे, आणि ग्राहक आयोग म्हणजे दिवाणी न्यायालय नव्हे. कंपन्यांचे वकील यावर वाद घालतील यात शंका नाही. तो वाद उपस्थित होण्याआधी संसदेनेच एका ओळीच्या दुरुस्तीने तो मिटवावा. मंडळाने ठोठावलेल्या दंडातील ठराविक हिस्सा बाधितांना द्यावा किंवा कलम ४३-अ मधील हक्क नव्या कायद्यात पुन्हा आणावा. यात अशक्य असे काहीच नाही. दरम्यान गुजरात आणि महाराष्ट्र सरकारांनी न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करावा हे मराठी-गुजरातीत छापून प्रत्येक वॉर्ड कचेरीत लावले, तरी पुष्कळ होईल.

नागरिकांनीही गाफील राहू नये. माहिती फुटल्याचे पत्र वा संदेश आला तर तो पुसून टाकू नये. कंपनीला लेखी विचारावे, की आमची कोणती माहिती गेली, केव्हा गेली आणि तुम्ही काय केले. उत्तर आले तर तो पुरावा आणि न आले तर तोही पुरावाच. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून जिल्हा आयोगाकडे जावे. एकट्याच्या तक्रारीकडे कंपन्या दुर्लक्ष करतील, पण एका वसाहतीने मिळून केलेल्या तक्रारीकडे त्यांना तसे करता येणार नाही.

कंपन्या मात्र माहिती फुटून गेल्यावर कुलपे बदलतात आणि दिलगिरीचे पत्र धाडतात. बैल गेला आणि झोपा केला, यातलाच हा प्रकार. बैल ज्याचा गेला त्याला त्याची किंमत मिळणार की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे. मे २०२७ पूर्वी त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी संसदेची आहे, आणि ती तिला टाळता येणार नाही.