हुंडणावळीचा भाव आणि घरचें देणें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा पेंच पडला. माझा पुतण्या नोकरीनिमित्त लंडनास असतो व तेथून घरीं पैसे पाठवितो. पौंड महागल्याचें ऐकून त्याच्या आईस समाधान वाटलें. पण माझी नात तिकडेच शिकावयास जाणार. तिची फी पौंडांत भरावयाची. त्यामुळें तिच्या वडिलांचा चेहरा उतरला. एकच भाव, एकच स्वयंपाकघर, आणि एकास लाभ तर दुसऱ्यास चिंता! नातीनें विचारलें, "आजोबा, पूर्वीं पौंड तेरा रुपयांना मिळत असे म्हणतात, तें खरें का?" मीं म्हटलें, "खरें आहे. पण तो कधीं दहास मिळे आणि कधीं अठरासही." तिला जें सांगितलें तेंच येथें वाचकांपुढें ठेवितों.

दोन देशांच्या नाण्यांच्या या भावास आपले पेढीवाले हुंडणावळ म्हणत. कंपनी सरकारनें 1835 सालीं आपल्या मुलुखांत एकच रुपया चालू केला. त्याचें वजन 180 ग्रेन असून त्यांत 165 ग्रेन शुद्ध चांदी असे. पौंड सोन्याचा, त्याचे शिलिंग 20 आणि पेन्स 240. अर्थात् रुपया व पौंड यांची हुंडणावळ म्हणजे चांदी व सोनें यांचाच परस्पर भाव होय. 1870 च्या सुमारापर्यंत रुपयास जवळजवळ 2 शिलिंग येत, म्हणजे पौंडास सुमारें 10 रुपये पडत.

पुढें जर्मनीनें सोन्याचें नाणें पत्करून आपली चांदी विकावयास काढली. फ्रान्सादि राष्ट्रांनीं चांदीचीं नाणीं पाडण्यास आळा घातला. अमेरिकेंतील नव्या खाणींतून चांदीचा ओघ सुरू झाला. चांदी उतरली व तिच्याबरोबर रुपयाही उतरला. 1894-95 सालीं त्याचा सरासरी भाव सुमारें 13 पेन्सांवर आला. लीलावतींतील त्रैराशिक मांडून पाहावें : पौंडास 18 रुपये 7 आणे पडूं लागले.

यांत रयतेचें काय गेलें, असें कोणी विचारील. सरकारची प्राप्ति शेतसारा, मिठावरील कर इत्यादि रूपांनीं रुपयांत होई. देणें मात्र विलायतेंत पौंडांनीं चुकवावें लागे : कर्जाचें व्याज, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांचीं पेन्शनें. 1892-93 सालीं सुमारें 1 कोटि 65 लक्ष पौंड पाठविण्यास सुमारें 26 कोटि 48 लक्ष रुपये लागले. 1873-74 च्या भावानें तेवढेच पौंड 17 कोटि 75 लक्षांत मिळाले असते. वरचा पावणेनऊ कोटींचा बोजा केवळ हुंडणावळीचा. आणि तो भरणारी अखेर रयतच.

यावर सरकारनें 26 जून 1893 रोजीं एक उपाय योजिला. तोंवर कोणीही चांदी टांकसाळींत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊं शके. तो मार्ग त्या दिवशीं बंद झाला. रुपये दुर्मिळ झाले, भाव चढला, आणि 1899 सालीं 15 रुपयांस एक पौंड, म्हणजे रुपयास 16 पेन्स, असें कायद्यानें ठरलें. सरकारचें देणें हलकें झालें खरें. पण तें कोणाच्या पाठीवर गेलें? परदेशीं कापूस विकणाऱ्यास पूर्वींच्या एका पौंडाचे आतां कमी रुपये मिळूं लागले. सारा मात्र रुपयांत होता तेवढाच राहिला. गरिबाच्या घरच्या चांदीच्या वाळ्यांचे रुपये पाडून घेण्याची सोयही गेली. 1902 सालच्या अंदाजपत्रकावरील भाषणांत नामदार गोखले यांनीं हेंच मर्म उघड केलें. सरकारी शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नसून बरीचशी वाढविलेल्या हुंडणावळीचें फळ आहे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. ज्यांच्या अंकगणितावर मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या, त्यांच्या हिशोबांत खोट काढणें सोपें नव्हतें.

पहिल्या महायुद्धांत चांदी महागली व 1920 सालीं सरकारनें रुपया एकदम 2 शिलिंगांवर बांधण्याचें ठरविलें. कमिटींतील एकटे दादिबा दलाल यांनीं विरोध नोंदवून 16 पेन्सच राखावे असें सांगितलें. पुढील वर्षाच्या आंतच भाव सुमारें 15 पेन्सांपर्यंत घसरला. पौंडास 10 रुपये धरून विलायती माल मागविणाऱ्या व्यापाऱ्यांवर 16 रुपये मोजण्याची पाळी आली, कित्येक बुडाले. 1923 सालीं डॉ. आंबेडकर यांनीं रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. रुपयाची घरांतील खरेदीची शक्ति स्थिर राहिल्यावांचून हुंडणावळ बांधण्यांत अर्थ नाहीं, असा त्यांचा आग्रह होता. 1927 सालीं 18 पेन्सांचा भाव ठरला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं 16 पेन्सांसाठीं भिन्नमतपत्रिका जोडली होती, पण ती मानली गेली नाहीं. नातीनें ऐकलेला तेरा रुपयांचा पौंड तो हाच. नेमकें सांगावयाचें तर 13 रुपये 5 आणे 4 पै.

1931 सालीं पौंडानें सोनें सोडलें, 1949 सालीं त्याची किंमत उतरविली गेली. दोन्ही वेळीं रुपया त्याच्याबरोबर गेला, म्हणून हा भाव टिकला. डॉलर मात्र 1949 सालीं 3 रुपये 30 पैशांच्या मानावरून 4 रुपये 76 पैशांवर गेला. स्वातंत्र्याच्या वेळीं रुपया व डॉलर समान होते, ही समजूत यावरून निराधार ठरते. 6 जून 1966 रोजीं पौंड 21 रुपयांचा झाला. 1975 सालीं पौंडाशीं असलेली गांठ सुटली आणि 1993 पासून भाव मुख्यतः बाजारांत ठरूं लागला.

या सर्वांचें सार मला एवढेंच दिसतें : चढता भाव चांगला किंवा उतरता वाईट असें सरसकट म्हणतां येत नाहीं, देणारा कोण आणि घेणारा कोण, हें आधीं विचारावें. प्राप्ति एका नाण्यांत व ऋण दुसऱ्या नाण्यांत असेल, तर निजल्या निजल्या कर्ज वाढतें. एवढ्या मोठ्या सरकारास जें झेपलें नाहीं, तें गृहस्थास कसें झेपावें?

नातीपुढें दोन कर्जें होतीं : व्याज कमी असलेलें पौंडांतील आणि व्याज थोडें अधिक असलेलें येथल्या बँकेचें. शिक्षण पुरें करून परत यावें व येथेंच अध्यापन करावें, असा तिचा निश्चय आहे. माझें बोलणें संपल्यावर ती आपल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, माझा पगार रुपयांत येणार, तेव्हां कर्जही रुपयांतच घेऊं." त्याप्रमाणें अर्ज गेला आहे. व्याज अंमळ अधिक पडेल खरें. पण तें आजच मोजतां येतें.