मैदानावरची काहील

प्रशिक्षक चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचं? जिंकलेल्या चषकांवरून, असं उत्तर चटकन तोंडावर येतं. ॲन्सन डोरन्स यांची कारकीर्द पाहिली की मात्र हे उत्तर अपुरं वाटू लागतं. फर्दापूरसारख्या गावात बसून अमेरिकेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाबद्दल मी का बोलावं, असं कुणी विचारील. एक तर डोरन्स यांचा जन्म आपल्या मुंबईतला, १९५१ सालचा. आणि दुसरं म्हणजे, मुलींना मैदानावर आणायचं तर काय काय लागतं, हे त्यांच्या कारकिर्दीतून नीट उलगडतं.

वडील तेल कंपनीत असल्यानं त्यांचं बालपण आफ्रिका, आशिया आणि युरोपात फिरतीवर गेलं. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात इंग्रजी आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवी मिळवली. तिथेच १९७७ मध्ये ते मुलांच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९७९ मध्ये मुलींचा संघही त्यांच्याकडे आला.

तो संघ एकट्या माणसाच्या इच्छेतून उभा राहिला नव्हता. अमेरिकेत १९७२ मध्ये एक कायदा झाला होता. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिला शिक्षणाच्या कोणत्याही उपक्रमात मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. खेळाचा त्यात नावानं उल्लेखही नव्हता. पण मुलांना मैदान आणि शिष्यवृत्ती मिळते, मग मुलींना का नाही, हा प्रश्न त्यामुळेच संस्थांपुढे उभा राहिला. दार कायद्यानं उघडलं. आत गेल्यावर काय करायचं, ते डोरन्स यांनी दाखवलं.

सरावात त्यांनी नोंदवहीला मोठं स्थान दिलं. कोण किती वेगानं धावली, समोरासमोरच्या झुंजीत कोण जिंकली, हे रोज लिहून ठेवायचं आणि क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावायची. बास्केटबॉलचे नामवंत प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावावरून त्यांना हे सुचलं. या पद्धतीला तिकडे जे नाव आहे, त्याला आपल्याकडे गुऱ्हाळातली काहील हाच शब्द जवळचा. रस उकळतो, मळी वर येते, ती काढून टाकली की गूळ उतरतो. मुलींनी चढाओढ करू नये, एकमेकींशी जुळवून घ्यावं, हे जगभर शिकवलं जातं. ते इथे मोडीत निघालं. मैदानावर मैत्रिणीला हरवायचं आणि बाहेर मैत्री राखायची, हे दोन्ही मुलींना जमतं हे सिद्ध झालं.

फळही तसंच मिळालं. मुलींची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. पहिल्या तेरांपैकी बारा विजेतेपदं या एका संघाची. डोरन्स यांच्या काळात एकूण एकवीस. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तोही त्यांनीच घडवलेल्या अमेरिकी संघानं नॉर्वेला २-१ असं हरवून जिंकला.

पण कवी म्हणून मला त्यांच्या चषकांपेक्षा त्यांच्या शब्दांचं कुतूहल अधिक आहे. मिया हॅम ही पुढे जगप्रसिद्ध झालेली खेळाडू त्यांची विद्यार्थिनी. एका सकाळी ती एकटीच धावण्याचा सराव करताना त्यांना दिसली. कुणी पाहत नसताना घामानं भिजून दमेपर्यंत मेहनत करणारी खरी विजेती, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी तिला लिहिली. उर्दू शायरीत उस्ताद शागीर्दाच्या शेरात सुधारणा करतो, तिला इस्लाह म्हणतात. योग्य वेळचा एक शब्द काय करतो, हे त्या परंपरेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

शब्दांची दुसरी बाजूही याच कारकिर्दीत आहे. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी न्यायालयात दावा केला. संघात त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल अश्लाघ्य बोललं जातं, हा त्यांचा आरोप होता. आपला हेतू छळाचा नव्हता, अशी डोरन्स यांची भूमिका राहिली. एक दावा २००४ मध्ये मिटला. त्या वेळी त्यांनी आपल्या थट्टामस्करीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. दुसरा २००८ मध्ये तडजोडीनं संपला आणि विद्यापीठानं ३ लाख ८५ हजार डॉलर दिले. न्यायालयाचा अंतिम निकाल लागला नाही. पण ज्याच्या हाती संघातली जागा आहे, त्याची थट्टा ऐकणाऱ्या मुलीला थट्टा वाटेलच असं नाही. काहील सांभाळणाऱ्यालाही जाळ किती ठेवायचा हे कळावं लागतं.

पंचेचाळीस हंगामांनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये डोरन्स निवृत्त झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्यांच्याच साहाय्यकाच्या मार्गदर्शनाखाली, संघानं बाविसावं विजेतेपद पटकावलं. माणूस गेला तरी रीत उरली.

आमच्या फर्दापुरात अजिंठ्याची लेणी पाहायला देशोदेशीची माणसं येतात. आमच्या मुलींनीही जगाकडे पाहावं आणि त्यातलं उपयोगाचं तेवढं घ्यावं. आपल्या भागातल्या शाळा-महाविद्यालयांना पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. मैदानाची ठरलेली वेळ मुलींना आहे का? त्यांच्या खेळाची रोजची नोंद कुणी ठेवतं का? आणि प्रशिक्षकाबद्दलच तक्रार असेल तर मुलीनं कुणाकडे जायचं? २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली आहे आणि क्रीडासंस्था व मैदानंही त्याच्या कक्षेत आहेत. या समितीतल्या सदस्यांची नावं खेळणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजेत. चेंडू त्यानंतर द्यावा.