शौकाचा टीव्ही, गिऱ्हाइकाचा टीव्ही

आमच्या मागच्या पडवीत एक टेबल आहे. त्यावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही. अब्बांनी तो घेतला तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते; आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी मोहल्ल्यातली निम्मी पोरे याच टीव्हीपुढे बसत. अब्बांच्या माघारी मी तो उघडला, दोन महिने झटून चालू केला आणि मला नाद लागला.

जुना टीव्ही बहुधा एकदम मरत नाही, सुकत जातो. आतले कपॅसिटर कोरडे पडतात, सोल्डरला बारीक तडे जातात, कधी पिक्चर ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर जातो. संच दुरुस्त झाला तरी सिग्नल कुठून आणायचा? छतावरच्या अँटेनाचे अॅनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने जवळपास सगळीकडे बंद केले आहे. म्हणून सेट-टॉप बॉक्स आणि संच यांच्यामध्ये मॉड्युलेटर बसवावा लागतो.

चित्र आले ही बातमी पसरली आणि लोक आपापले संच घेऊन येऊ लागले. “फुकट नको हो, काय होईल ते घ्या,” म्हणायचे. मलाही वाटले, चला, चार पैसे सुटतील.

दिवसा मी राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. रात्री स्वतःचाच लिहिला. एका संचाचे ८०० रुपये घेतले. सुट्या भागांना ३८०, त्यासाठी नागपूरला जाण्यायेण्याला २२०. उरले २००, आणि काम झाले दहा तासांचे. म्हणजे तासाला वीस रुपये! शेजारच्या खाला बिड्या वळतात, त्याही हजारावर मोजून मजुरी घेतात. मी तर माझा वेळ मोजलाच नव्हता. बायको म्हणाली, “आधी तुम्ही पडवीत खूश असायचे. आता चिडलेले असता.”

मग तो प्रकार घडला. एका वयस्क बाईंनी त्यांच्या मरहूम शौहरांचा टीव्ही आणला. ३०० रुपये आगाऊही दिले. ट्यूबच्या मागच्या टोकाचा सॉकेट वर्षानुवर्षांत घट्ट बसला होता. मी जरा जोर लावला. फुस्स असा आवाज आला. काचेची मान मोडून आत हवा शिरली होती. तशी ट्यूब आता कुणी बनवत नाही. भंगारात महिनाभर शोधली, मिळाली नाही. पैसे परत केले, माफी मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, “बेटा, बंद होता तेव्हाही तो ठीकच होता.”

माझा स्वतःचा संच मोडला असता तर मी रात्रभर हळहळलो असतो आणि झोपलो असतो. दुसऱ्याचा संच ही अमानत असते. पैसे घेतले की वेळ, शब्द आणि जोखीम हे तिन्ही आपल्या माथी येते. शौक आणि धंदा यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

आता मी दोन्ही वेगळे ठेवले आहेत. पैशासाठी एलईडी टीव्ही घेतो. त्यात बॅकलाइटच्या पट्ट्या आणि पॉवर सप्लाय हीच नेहमीची दुखणी. सुटे भाग मिळतात, वेळेचा अंदाज येतो. दर आधी सांगतो, चिठ्ठीवर लिहून देतो. दुरुस्त झाला नाही तर मजुरी घेत नाही. हे उत्पन्न थोडे असले तरी आयकराच्या विवरणात दाखवतो. जुने संच मात्र माझेच, किंवा ज्यांनी “मोडला तरी चालेल” असे स्पष्ट सांगून दिले त्यांचे. त्यांना तारीख नाही, बिलही नाही.

घरातल्या तरुणांना हा नाद लागला तर अडवू नका, पण एक गोष्ट बजावा. रंगीत टीव्हीच्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तो भार आत राहू शकतो. जाणत्या मेकॅनिककडे बसून ट्यूब डिस्चार्ज करायला शिकल्याशिवाय मागचे झाकण उघडू नये. एकट्याने काम करू नये, आणि लहान मुलांना टेबलाजवळ येऊ देऊ नये.

त्या बाईंचा टीव्ही त्यांच्या घरी जागच्या जागी आहे, शटर लावलेला. ईदला सलाम करायला जातो तेव्हा आधी नजर तिकडेच जाते. अब्बांचा टीव्ही अजून चालतो. तो दुरुस्त करायचे पैसे मला कुणी दिले नव्हते, म्हणूनच मी त्याला दोन महिने देऊ शकलो.