कापूस आणि कापड

एकदा मी वर्गाला 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. परळच्या एका चाळीत राहणाऱ्या मुलाने लिहिले, "माझ्या घरापुढे बाग आहे. बागेत झोपाळा आहे." मी त्याला जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, आमच्या एका खोलीत लिहिण्यासारखे आहे तरी काय?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्याच दोन नाटककारांनी दिले आहे. ते आपण समजून घेऊ.

एके काळी परळ, लालबाग, वरळी या भागाला गिरणगाव म्हणत. गिरणीचा भोंगा झाला की चाळीचाळीतून कामगार बाहेर पडत. त्यांत कोकणातून व घाटावरून आलेले लोक होते, तसेच उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकरही होते. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा किंवा पणजोबा त्यांत असतील. या कामगारांना नाटकाचे मोठे वेड होते. दिवसभर यंत्रावर राबणारी माणसे रात्री तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभी राहत. परळच्या दामोदर नाट्यगृहात त्यांची नाटके होत.

या गिरणगावात अण्णा भाऊ साठे आले. त्यांचा जन्म १९२० साली सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. घरची गरिबी एवढी की, लहानपणी ते आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. दुकानांच्या पाट्या वाचत ते अक्षरे शिकले. त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' काढले. हे अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मराठीतील मोठे शाहीर म्हणून त्यांचे नाव झाले.

अण्णा भाऊंचे प्रेक्षक कामावरून थकून आलेले असत. पुष्कळांना वाचता येत नसे. ते मैदानात जमिनीवर बसत. अण्णा भाऊ तरुणपणी तमाशाच्या फडात वावरलेले होते. म्हणून त्यांनी तमाशाचीच रीत घेतली. गाणे, विनोद, सवाल-जवाब यांतून त्यांनी कामगारांचे प्रश्न मांडले. 'अकलेची गोष्ट', 'माझी मुंबई' ही त्यांची लोकनाट्ये आहेत. नाटक कसे सांगायचे, हेसुद्धा त्यांना आयुष्यानेच शिकवले.

दुसरे नाटककार जयंत पवार. त्यांचा जन्म १९६० सालचा. ते गिरणगावातच वाढले आणि पुढे पत्रकार झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप म्हणजे उर्दूतील हडताल. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप चिघळला, अनेक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो घरांतील चुली थंडावल्या. तेव्हा पवार ऐन तारुण्यात होते.

त्यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली रंगमंचावर आले. अधांतर म्हणजे ना जमिनीवर, ना आकाशात. उर्दूत आपण 'मुअल्लक' म्हणतो, तसे. आता विचार करा, संपावरच्या नाटकात काय काय दाखवता आले असते? मोर्चे, भाषणे, पोलीस! पवारांनी दाखवली चाळीतली एक खोली. तिथे एक आई आहे, तिचे तीन मुलगे आणि एक मुलगी आहे. एकाला लेखक व्हायचे आहे. दुसरा गुंडांच्या टोळीकडे ओढला जातो. आई सगळ्यांना सांभाळू पाहते. बाहेर गिरणी बंद पडली की आत घर कसे तुटत जाते, हे त्या एका खोलीत दिसते. २०१० साली याच नाटकावरून 'लालबाग परळ' हा चित्रपट निघाला. २०२१ साली पवारांचे निधन झाले.

मग 'अधांतर' म्हणजे पवारांचे आत्मचरित्र आहे काय? नाही. तो संप लाखो लोकांनी भोगला, पण भोगणारा प्रत्येक जण नाटककार झाला नाही. जीवन हे कापसासारखे असते. कापूस पिंजावा लागतो, त्याचे सूत कातावे लागते, ते विणावे लागते, तेव्हा कापड होते. संप आणि नाटक यांच्यामध्ये पंधरा वर्षे गेली, हे लक्षात घ्या. एवढ्या काळात पाहिलेले, ऐकलेले, सोसलेले मनात मुरले. लेखकाने त्यातले काही ठेवले, काही गाळले आणि उरलेले आपल्या पात्रांना वाटून दिले. कापसाशिवाय कापड होत नाही हे खरे. पण नुसता कापूस अंगावर घालता येत नाही, हेही तितकेच खरे.

बाग आणि झोपाळा त्या मुलाने कधी जवळून पाहिलाच नव्हता. म्हणून त्याचा निबंध दोन ओळींत संपला. आपल्या खोलीबद्दल त्याला किती सांगता आले असते! पाण्यासाठी पहाटे लागणारी रांग, रात्रपाळीहून आलेल्या अब्बांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात बोलणारी अम्मी, एकाच दिव्याखाली अभ्यास करणारी भावंडे. हा त्याचा कापूस होता, आणि तोच त्याने फेकून दिला.

मित्रांनो, तुमच्याजवळचा कापूस फेकू नका. पुढच्या वेळी 'माझे घर' लिहाल, तेव्हा आपल्याच घराचे दार उघडा.