पगार कुणाचा, बोल कुणाचे

फेब्रुवारी २०२१ मधले ते आठ-दहा दिवस पुन्हा चाळून बघण्यासारखे आहेत. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते. रिहाना या गायिकेने त्यांच्याविषयी केलेल्या ट्वीटनंतर ३ तारखेला सचिन तेंडुलकर, विराट कोहली, अजिंक्य रहाणे, लता मंगेशकर आणि इतर अनेकांनी देशाच्या एकजुटीवर ट्वीट केले. त्यांची भाषा इतकी मिळतीजुळती होती की ८ तारखेला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री, आपल्या काटोलचे अनिल देशमुख, त्यामागे दबाव होता का ते तपासू म्हणाले. (रोख सचिन-लतादीदींवर नव्हता, भाजपच्या आयटी सेलवर होता, असा खुलासा मग त्यांनाच करावा लागला.) ९ तारखेला वसीम जाफरने उत्तराखंडच्या क्रिकेट प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला.

जाफर मुंबईचा खरा, पण नागपूरच्या जामठा मैदानावरच्या प्रेक्षकाला तो घरचाच. २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा विदर्भाने रणजी करंडक जिंकला, तेव्हा तो संघात होता. चाळिशी गाठलेल्या या माणसाने मार्च २०१८ मध्ये जामठ्यावर इराणी सामन्यात २८६ धावा काढल्या होत्या. उत्तराखंडच्या पदाधिकाऱ्यांनी त्याच्यावर ठपका ठेवला की तो संघ निवडताना धर्म बघतो. त्याने आरोप एकेक करून खोडले, पण खुर्ची सोडल्यावर. अनिल कुंबळे उघडपणे पाठीशी उभा राहिला. भारतीय संघातर्फे पत्रकारांसमोर बसलेल्या रहाणेला विचारलं, तेव्हा या प्रकरणाची आपल्याला काही कल्पना नाही, असं त्याने सांगितलं. रहाणे मुंबईकडून जाफरच्या नेतृत्वाखाली खेळलेला. शेतकरी आंदोलनावर त्याने ट्वीट केलं होतं, त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते.

मला रहाणेचा राग येत नाही. त्याचा करार बीसीसीआयशी, आणि उत्तराखंडची संघटना त्याच बीसीसीआयची सदस्य. मालकाच्या घरातल्या भांडणात नोकराने बोलू नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. खेळाडूंना कणा नाही, असं पानाच्या टपरीवर म्हणणं सोपं आहे. म्हणणाऱ्याने आपल्या कचेरीतल्या साहेबाविरुद्ध शेवटचं कधी तोंड उघडलं होतं, तेही सांगावं.

आणि खेळाडू बोलतच नाहीत असंही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाचा हल्ला झाला तेव्हा जामठ्यावर इराणी सामना सुरू होता. फैज फजलच्या विदर्भ संघाने बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबांना दिली. ती मदत अंतःकरणातूनच आलेली होती. मार्चमध्ये नागपूरचा एकदिवसीय सामना आटोपून भारतीय संघ रांचीला गेला आणि लष्करी रंगसंगतीच्या टोप्या घालून खेळला. बीसीसीआयने आधी विचारलं होतं, आयसीसीने होकार दिला होता. त्या वेळी आयसीसीचे अध्यक्ष होते नागपूरचेच शशांक मनोहर. उलट डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला ‘सगळ्यांचे जीव सारखे’ अशा अर्थाची अक्षरं बुटावर ठेवून खेळू दिलं नाही. त्याचं मंडळ म्हणालं, मत मांडायचा त्याला हक्क आहे, पण आयसीसीचे नियम पाळावेत. मजकूर काय आहे, यापेक्षा तो मंडळाला स्वतःचा वाटतो का, यावर परवानगी ठरते, असं माझं मत झालं आहे.

क्रिकेटबाहेर तर गाठ आणखी घट्ट. विदर्भात खेळातून नोकरी लागणं हा घराण्याचा कायापालट असतो. क्रिकेटमध्येसुद्धा वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव, भारताकडून वर्षानुवर्षं कसोटी खेळल्यावर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेत लागला, तेव्हा त्याच्या चेंडूंइतकीच त्या नेमणुकीची बातमी झाली. पण सरकारी नोकरीबरोबर आचरण नियम येतात. रेल्वेचे १९६६ चे आहेत. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका त्यांत बसत नाही. साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया तिघेही रेल्वेचे कर्मचारी. २०२३ मध्ये ते जंतरमंतरवर बसले ते कुस्ती महासंघाचा अध्यक्ष असलेल्या सत्ताधारी खासदाराविरुद्ध, लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन. २८ मे रोजी पोलिसांनी उचललं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिघेही कामावर रुजू झाल्याचं कळलं. आंदोलन संपलेलं नाही, असं साक्षीला वेगळं सांगावं लागलं. पुढच्या वर्षी काँग्रेसमध्ये जाताना विनेश-बजरंगने आधी रेल्वेचा राजीनामा दिला.

शंभर वर्षांपूर्वी विठ्ठल आणि शिवराम पालवणकर या क्रिकेटपटूंनी बोलण्या-न बोलण्याचं हे कोडं जरा बऱ्या अटींवर सोडवलं. थोरल्या बाळूला जातीमुळे कर्णधारपद नाकारलं म्हणून १९२० मध्ये दोघे भाऊ हिंदू संघातून बाहेर पडले आणि कारण जाहीर निवेदनात सांगितलं. हिंदू जिमखाना त्यांना मान देत होता वा नाकारत होता, पगार देत नव्हता. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

आपली बुद्धिबळपटू दिव्या देशमुख अशीच, कुणाच्या हजेरीपटावर नसताना बोलली. जानेवारी २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, वाइक आन झेच्या स्पर्धेनंतर तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं की प्रेक्षक माझा डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार बघतात. लिहिण्याला धाडस लागलंच. मात्र बोट प्रेक्षकांकडे होतं, कुठल्या महासंघाकडे नव्हतं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली, राज्य सरकारने ३ कोटी दिले. आता करारांचे कागद येतील. त्यांत जाहीर वक्तव्यांबाबतचं कलम हमखास असतं, आणि छळाची किंवा भेदभावाची तक्रार त्यातून वगळावी, हे वाक्य सहीच्या आधीच घालून घ्यावं लागतं.